दहा ग्रॅम पऱ्हाटीचा हिशेब

पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचल्यावर उरणारे झाडाचे खोड. तिच्यापासून इंधन करता येईल का हे पाहायचे होते. ती धुऊन वाळवली, दळली, चाळून घेतली. दहा ग्रॅम भुगा फ्लास्कमध्ये घातला, त्यावर एक टक्का कॉस्टिक सोड्याचे दोनशे मिलीलिटर द्रावण ओतले, वर कंडेन्सर लावला आणि सगळे मायक्रोवेव्हमध्ये ठेवले. निम्म्या शक्तीवर दहा मिनिटे. सुरुवातीलाच पाणी पिवळे पडले, मग चहासारखे झाले, आणि फ्लास्क बाहेर काढला तेव्हा आत काकवीसारखा काळपट द्रव होता. तळाशी बसलेला भुगा मात्र फिका आणि मऊ झाला होता, ओल्या कापसाच्या बोळ्यासारखा.

माझ्या एमटेकच्या विद्यार्थिनीने तो भुगा धुतला, त्यावर भुग्यातून साखर सुटी करणारे एन्झाइम सोडले आणि तीन दिवसांनी साखर मोजली. कच्च्या भुग्यातून निघते त्याच्या कित्येक पट साखर निघाली. तिला आनंद झाला, मलाही झाला. गेली अनेक वर्षे मी रसायन अभियांत्रिकी शिकवतो आणि असा आनंद मी अनेकदा पाहिला आहे. या वेळी एक गोष्ट वेगळी होती. मायक्रोवेव्हचा प्लग जिथे लावतो तिथे मी मध्ये एक छोटा वीजमीटर जोडायला लावला होता. त्यावर आकडा होता 0.10 युनिट.

म्हणजे 360 किलोज्यूल. आता या दहा ग्रॅम पऱ्हाटीत सेल्युलोज, म्हणजे ज्याची साखर होते तो भाग, असतो साधारण चार ग्रॅम. एकही कण वाया न जाता त्याची साखर झाली आणि साखरेचे इथेनॉल झाले, तर हाती येते सव्वादोन ग्रॅम. ते जाळले तर साठेक किलोज्यूल उष्णता मिळते. मूळची दहा ग्रॅम सुकी पऱ्हाटी तशीच चुलीत घातली असती तर 160 किलोज्यूलच्या आसपास मिळाली असती. साठ मिळवण्यासाठी आपण भिंतीतून 360 घेतले, आणि तेही फक्त पहिल्या पायरीवर. एन्झाइम, आंबवणे, ऊर्ध्वपातन यांचा खर्च अजून धरलेलाच नाही.

तिने विचारले, ‘सर, ऊर्जेच्या हिशेबाचा हा रकाना पेपरमध्ये घालायचा का?’ आम्ही घातला. परीक्षकाचा शेरा आला की प्रयोगशाळेच्या पातळीवर ऊर्जेचे आकडे गैरलागू आहेत, काढून टाकावेत. त्या रकान्यासाठी आम्ही भांडलो नाही, रकाना काढला आणि पेपर छापून आला. ती चूक माझी होती, आणि हा लेख मी त्यासाठीच लिहितो आहे. शेतातल्या काडीकचऱ्यापासून इंधन करण्याच्या संशोधनावर लोकांचा पैसा खर्च होतो. काडी एन्झाइमला पचावी म्हणून ती आधी सैल करणे याला पूर्वप्रक्रिया म्हणतात. त्या पैशावर चालणाऱ्या प्रत्येक पूर्वप्रक्रियेच्या प्रयोगाला वीज, रसायने आणि पाणी यांचा पूर्ण हिशेब बंधनकारक करायला हवा. साखर किती टक्के निघाली एवढ्यावर कोणाचेही कौतुक होता कामा नये, माझेही नाही.

पूर्वप्रक्रिया लागतेच का, हे आधी सांगायला हवे. झाडाच्या पेशीची भिंत तीन गोष्टींनी बनते. सेल्युलोजचे लांब धागे, त्यांना वेढून असलेले हेमीसेल्युलोज, आणि या दोघांना घट्ट धरून ठेवणारे लिग्निन. झाड उभे राहते ते लिग्निनच्या जोरावर, आणि एन्झाइमला आत शिरू देत नाही तेही लिग्निनच. सेल्युलोज पचवणारी बुरशी निसर्गात आहे. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजत होते, त्या कुजलेल्या कापडावर सापडलेल्या बुरशीचे वंशज आज जगभर एन्झाइम तयार करतात. पण सुती कापड म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. पऱ्हाटीचे खोड लाकडासारखे असते, त्यात पाव हिस्सा लिग्निन. बुरशीला तिथे शिरकाव मिळावा म्हणून आधी ही भिंत सैल करावी लागते. आम्ल, अल्कली, वाफ, अमोनिया असे अनेक मार्ग आहेत. 1980 च्या दशकात जपानी संशोधकांनी मायक्रोवेव्ह वापरून पाहिला आणि तेव्हापासून त्यावर सतत काम चालू आहे. आपल्याकडेही उसाचे चिपाड, भाताचा पेंढा, पऱ्हाटी, तुराट्या, गव्हाचे काड, असे काहीही घेऊन हा प्रयोग झाला नाही असे महाविद्यालय शोधावे लागेल. त्याचे कारण साधे आहे. यंत्र स्वस्त आहे, प्रयोग दहा मिनिटांत होतो आणि निकाल डोळ्यांना दिसतो.

मायक्रोवेव्हबद्दल एक समज फार पक्का बसला आहे, की तो वस्तू आतून तापवतो. विद्यार्थी तसे लिहितात, मार्गदर्शक तसे छापतात. प्रत्यक्षात घरातला किंवा प्रयोगशाळेतला मायक्रोवेव्ह 2450 मेगाहर्ट्झवर चालतो. त्याचे विद्युतक्षेत्र सेकंदाला 245 कोटी वेळा हेलकावे घेते, पाण्याचे रेणू त्याच्याबरोबर वळू पाहतात आणि त्या धडपडीत पाणी तापते. कॉस्टिक विरघळलेले असेल तर त्याचे आयनही धावू लागतात आणि पाणी आणखी लवकर तापते. इथवर फायदाच आहे. पण जे लवकर शोषते ते खोलवर जाऊ देत नाही. साध्या थंड पाण्यात या लहरी एक-दोन सेंटिमीटर जाईपर्यंत बहुतांश शोषल्या जातात, आयन असलेल्या पाण्यात त्याहूनही लवकर. अडीचशे मिलीलिटरच्या फ्लास्कमध्ये हे जाणवत नाही, कारण फ्लास्कच तळहाताएवढा. टनावारी लगदा असलेल्या टाकीत मधला भाग थंड राहील आणि कडेचा जळेल. म्हणून उद्योगात लगदा पातळ थराने पट्ट्यावरून किंवा नळीतून न्यावा लागतो. अमेरिकेत त्यासाठी 915 मेगाहर्ट्झची यंत्रे असतात, त्यांच्या लहरी अधिक खोल जातात. हे सगळे सोडवता येण्यासारखे प्रश्न आहेत. पण फ्लास्कमधल्या निकालाला दहा हजाराने गुणले की कारखाना मिळतो, हे खरे नाही.

दुसरा समज असा की या लहरी उष्णतेपलीकडे काही खास करतात, थेट बंध तोडतात. ज्यांनी आतले तापमान नीट मोजून, त्याच तापमानाला तेवढाच वेळ साध्या उष्णतेवर तोच प्रयोग केला, त्यांना बहुतेक वेळा हा खास परिणाम दिसेनासा झाला. उरले ते तापण्याचा वेग आणि उष्णतेचे वाटप. तेही काही कमी नाही, पण जोडीला तेलाच्या बाथमधला, म्हणजे गरम तेलात भांडे ठेवून केलेला, प्रयोग नसलेला मायक्रोवेव्हचा पेपर मला आता अपुरा वाटतो.

आता रसायनाकडे येऊ, कारण ही गोष्ट विजेहूनही बोचणारी आहे. दोनशे मिलीलिटर एक टक्का द्रावणात कॉस्टिक असते दोन ग्रॅम. ‘एक टक्का’ ऐकायला किती सौम्य वाटते! पण ते टक्के पाण्याचे आहेत. पऱ्हाटीच्या वजनाशी ताडून पाहिले तर दहा ग्रॅमला दोन ग्रॅम, म्हणजे टनाला 200 किलो. कॉस्टिक सोडा मिठाच्या पाण्यातून वीज सोडून बनवतात, एका टनाला 2200 ते 2500 युनिट लागतात. 200 किलोला झाली साडेचारशे ते पाचशे युनिट. एका टन काडीकचऱ्यापासून इथेनॉल मिळते सुमारे 150 लिटर. भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणाऱ्या पानिपतच्या प्रकल्पाची आखणी याच प्रमाणात आहे. या 150 लिटरमध्ये जेवढी ऊर्जा आहे ती युनिटमध्ये सांगायची तर पावणेनऊशे. म्हणजे निम्मे इंधन कॉस्टिक बनवतानाच संपले. त्याच प्रक्रियेत क्लोरीनही मिळतो हे खरे, आणि त्याच्या वाट्याची वीज वजा केली तरी आकडा दुर्लक्ष करण्याजोगा होत नाही. कॉस्टिक परत मिळवता येते. कागद कारखाने काळा द्रव आटवून, जाळून हेच करतात. पण त्यासाठी लागणारी भट्टी आणि भांडवल यांचा उल्लेख आमच्या पेपरांत कुठे असतो?

आणि पाणी. तो मऊ झालेला भुगा एन्झाइमला द्यायचा तर त्यातले कॉस्टिक निघून जायला हवे. माझी विद्यार्थिनी नळाखाली धुत होती, दर वेळी पीएचचा कागद लावून बघत होती. निळा, निळा, हिरवट, पुन्हा थोडे पाणी. दहा ग्रॅमला दोन लिटर पाणी गेले. हाच हिशेब टनाला लावला तर दोन लाख लिटर. आपल्याकडे हे समजावून सांगावे लागत नाही, दहा हजार लिटरचे वीस टँकर. 150 लिटर इंधनासाठी. कारखान्यात उलट्या प्रवाहाची धुलाई असते, पाणी पुन्हा पुन्हा फिरवतात, त्यामुळे इतके लागणार नाही, हे मान्य. पण जे लागेल ते काळे, खारट आणि लिग्निनयुक्त होऊन बाहेर पडेल. कृष्णा आणि पंचगंगेच्या काठावरच्या माणसाला मळीमिश्रित पाणी नदीत आले की काय होते ते ठाऊक आहे. पाण्यावर मेलेल्या माशांचा थर येतो, दोन दिवस वास राहतो, पंचनामा होतो. ज्या भागात आधीचेच सांडपाणी सांभाळले जात नाही, तिथे नव्या प्रक्रियेचे सांडपाणी कुठे जाणार हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवा.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग हा विषयच सोडून द्या. माझे म्हणणे तसे नाही. या विषयाची देशाला गरज आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट 2025 मध्ये गाठले गेले, पण ते इथेनॉल जवळजवळ सगळे ऊस, मळी, मका आणि तांदूळ यांतून आले. 7 डिसेंबर 2023 ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंदी घातली, कारण पाऊस कमी झाला होता आणि साखर कमी पडेल अशी भीती होती. पुढे काही सवलत मिळाली, तरी कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेल्या आपल्या साखर कारखान्यांची त्या आठवड्यात काय अवस्था झाली ते अनेकांनी जवळून पाहिले आहे. अन्नाशी स्पर्धा न करणारे इंधन हवेच. त्यासाठीच 2019 मध्ये केंद्राने अशा प्रकल्पांना अर्थसाहाय्य देणारी जी-वन योजना आणली, 1,969.50 कोटी रुपयांची. पानिपतला 10 ऑगस्ट 2022 रोजी नऊशे कोटींहून अधिक खर्चाचा प्रकल्प सुरू झाला. वर्षाला दोन लाख टन भाताचा पेंढा घेऊन तीन कोटी लिटर इथेनॉल करण्यासाठी तो बांधला आहे, आणि त्यामागचे तंत्रज्ञान पुण्यातल्या प्राज इंडस्ट्रीजचे आहे. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतही या विषयावर वर्षानुवर्षे काम झाले आहे. महाराष्ट्र या विषयात बघ्याच्या भूमिकेत नाही.

पण ज्यांनी आपल्याआधी मोठी उडी घेतली त्यांच्याकडे बघा. अमेरिकेने 2007 च्या कायद्यात लिहून ठेवले की 2022 पर्यंत वर्षाला 1600 कोटी गॅलन सेल्युलोजचे इंधन वापरात येईल. प्रत्यक्षात त्याचा अगदी किरकोळ अंश आला. ड्यूपॉन्टने आयोवात 2015 मध्ये सुरू केलेला कारखाना 2017 मध्ये विकायला काढला. त्याच राज्यातल्या पोएट-डीएसएमच्या प्रकल्पाने 2019 मध्ये व्यावसायिक उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. आपली अडचण पूर्वप्रक्रियेत होती असे त्यांनी स्वतःच सांगितले होते. रुमानियातला क्लॅरियंटचा कारखाना 2021 मध्ये बांधून झाला आणि 2023 च्या अखेरीस बंद करण्याचा निर्णय झाला. या कंपन्यांकडे पैसा होता, उत्तम शास्त्रज्ञ होते. प्रयोगशाळेत सगळे जमलेलेच होते. गाठोड्यांबरोबर आलेली माती आणि वाळू, झिजणारे पंप, तुंबणाऱ्या नळ्या, दर खेपेला बदलणारा ओलावा, या गोष्टी फ्लास्कमध्ये कधी दिसल्या नव्हत्या. आम्ही पऱ्हाटी दळून, चाळून, धुऊन घेतो, तेव्हा नेमक्या याच गोष्टी आधी बाहेर टाकतो.

साखर कारखान्यांच्या बाबतीत तर माझे मत स्पष्ट आहे. तिथे चिपाड जाळणारा बॉयलर आहे, वाफ आहे, त्या वाफेवर चालणारी सहवीजनिर्मिती आहे. तिथे मायक्रोवेव्ह आणणे म्हणजे चिपाड जाळून वाफ, वाफेपासून वीज, विजेपासून मॅग्नेट्रॉनमध्ये, म्हणजे मायक्रोवेव्हच्या लहरी तयार करणाऱ्या भागात, लहरी आणि त्या लहरींनी पुन्हा चिपाडच तापवणे. प्रत्येक वळणावर गळती. जी वाफ दारात आहे ती सरळ वापरावी. उसाच्या पाचटाचा प्रश्न तर आणखी वेगळा आहे. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते आणि खोडव्यात ते सरीत अंथरले तर पाणी वाचते, जमिनीत सेंद्रिय कर्ब वाढतो. आमच्या भागातला शेतकरी पाचट पेटवतो तेव्हा वाईट वाटते, पण ते उचलून कारखान्याला नेणे हा त्यावरचा एकमेव उपाय नाही. कडबा, भुसकट, कुटार याला तर आधीच गिऱ्हाईक आहे, गोठ्यात. ‘टाकाऊ’ हा शब्द शहरात बसून वापरण्याचा नाही.

पऱ्हाटीचे तसे नाही. ती गुरे खात नाहीत. बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत टिकू नये म्हणून फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही झाडे ठेवून घेतलेले जादा पीक, घेऊ नका, पऱ्हाटी लवकर उपटा, असे कृषी विभागच सांगतो. विदर्भ-मराठवाड्यात ती उपटून बांधावर रचतात, थोडी चुलीत जाते, बाकीची पेटवून देतात. सिरकॉट या कापूस तंत्रज्ञान संस्थेने तिच्यापासून पार्टिकल बोर्ड आणि ब्रिकेट करून दाखवले आहेत, म्हणजे उपयोग आहे. तिथे, जिनिंगच्या आवारात, बॉयलर नसतो. दिवसा सौर वीज असू शकते. बटण दाबताच सुरू होणारे, बंद होणारे, छोटे यंत्र म्हणून मायक्रोवेव्हचा तिथे खरा दावा असू शकतो. पण अट अशी की द्रावण पातळ नको.

हा मुद्दा आम्हाला उशिरा कळला. त्या फ्लास्कमध्ये दहा ग्रॅम पऱ्हाटी होती आणि दोनशे ग्रॅम पाणी. आम्ही खरे तर पाणीच तापवत होतो. खोलीच्या तापमानापासून 95 अंशांपर्यंत तेवढे पाणी नेण्यासाठीच, मॅग्नेट्रॉनची गळती न धरता, 58 किलोज्यूल लागतात. आपल्या पदरात पडणाऱ्या सगळ्या इथेनॉलएवढे. तेच दहा ग्रॅमला तेवीस ग्रॅम पाणी घेतले, म्हणजे लगदा तीस टक्क्यांचा केला, तर बंद भांड्यात 150 अंशांपर्यंत न्यायला चौदाच्या आसपास पुरतात. 360 आणि साठ यांतल्या सहापट फरकाची गोष्ट सोडा, चौपट फरक तर इथेच आहे, आणि तो कोणत्याही नव्या रसायनाने नाही, पाणी कमी केल्याने. मग भुगा ओलसर पिठासारखा होतो, ढवळणे कठीण, आलेख तितके सुबक येत नाहीत. म्हणूनच बहुधा तसे प्रयोग कमी होतात. आणि इथेनॉलचाच हट्टही सोडायला हवा. त्या काळ्या पाण्यातले लिग्निन आणि हेमीसेल्युलोज यांना इंधनापेक्षा जास्त भाव मिळू शकतो. विजेचा खर्च तिथे सोसेल, पेट्रोलच्या भावाशी स्पर्धा करताना सोसणार नाही.

माझे काही सहकारी म्हणतात की मूलभूत संशोधनाला पहिल्याच दिवशी जमाखर्च मागू नये, त्याने कुतूहल मरते. या म्हणण्याचा मी आदर करतो. लिग्निनचे बंध कसे तुटतात एवढेच ज्याला पाहायचे आहे त्याला मीटर लावायला कोणी सांगू नये. पण प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात ‘ऊर्जाबचत करणारी, पर्यावरणपूरक, शेतकऱ्याला उत्पन्न देणारी प्रक्रिया’ असे लिहून जो सरकारी निधी मागतो, त्याने ऊर्जा मोजलेलीच नसेल तर ते वाक्य त्याला लिहिता येणार नाही. केंद्राचे विभाग, राज्याच्या योजना, विद्यापीठांचे छोटे प्रकल्प, सगळीकडे अर्जाच्या नमुन्यात चार रकाने वाढवायचे आहेत. प्लगवर मोजलेली वीज. कच्च्या मालाच्या वजनावर काढलेले रसायन आणि त्यातले परत किती मिळाले. धुण्याचे पाणी. आणि त्याच तापमानाला, तेवढ्याच वेळेसाठी साध्या उष्णतेने केलेला जोडप्रयोग. मीटर काही शे रुपयांना मिळतो. आकडा वाईट आला म्हणून निधी थांबवू नये, तो लपवला तर थांबवावा. वाईट आकडे छापणारी जागाही हवी. नाहीतर शेजारच्या जिल्ह्यातला पुढचा विद्यार्थी तोच फ्लास्क, तेच दोनशे मिलीलिटर घेऊन पुन्हा बसेल, आणि त्याची दोन वर्षे जातील.

यंदा आमच्याकडे यवतमाळहून दोन पोती पऱ्हाटी आली आहे. या वेळी ती धुतलेली नाही, मातीसकट ठेवली आहे. एका बाजूला मायक्रोवेव्ह, दुसऱ्या बाजूला तेलाचा बाथ, लगदा तीस टक्क्यांचा, कॉस्टिक आधीच्या चौथाई. वहीत पहिल्या पानावर रकाने आखून झाले आहेत आणि साखरेचा रकाना सगळ्यात शेवटी आहे.